‘ताई, कुत्र्याजवळ बसून काय होते?’ मुलांचं मन आणि प्राण्यांची सोबत: नागपूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात लहान आणि किशोरवयीन मुलांसोबत काम करणारी समुपदेशक आहे. माझ्या खोलीत बुंदीही असते. बुंदी म्हणजे आमची गावठी कुत्री, रंगानं पिवळसर, एक कान उभा आणि एक पडलेला. तिच्याबद्दल कळलं की पालक फोन करतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात, कुणी घाईत, कुणी दबकत. ती उत्तरं इथे लिहिली आहेत. मुलांचे जे प्रसंग आले आहेत त्यांत कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ॲनिमल थेरपी म्हणजे नेमकं काय?

शिकलेल्या माणसानं, ठरवलेल्या उद्देशासाठी, योग्य प्राण्याला सोबत घेऊन केलेलं उपचाराचं काम. ‘प्राणी-साहाय्यित उपचार’ हा शब्द जड आहे, पण त्यातला ‘साहाय्यित’ विसरू नका. उपचार माणूस करतो, प्राणी मदत करतो. मूल बुंदीला ब्रश करत बसलंय हे बाहेरून पाहणाऱ्याला खेळ वाटेल. माझ्या वहीत मात्र त्या दिवशीचं काम लिहिलेलं असतं: आज याला थांबायला शिकायचं आहे, किंवा राग आला की हात आवरायचा आहे, किंवा नुसतं वीस मिनिटं खोलीत टिकायचं आहे.

शाळेत एखादा शांत कुत्रा आणला, मुलांनी हात फिरवला, हसली, घरी गेली, तर ती भेट झाली. परीक्षेच्या दिवसांत अशी भेटही चांगली असते. तिला उपचार म्हणू नये एवढंच.

मग घरी एक पिल्लू आणलं की झालं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर बहुतेक वेळा ‘सध्या नको’ असं असतं. कुत्रा दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. आधीच झोप उडालेलं, चिडलेलं मूल त्याचं खाणं-फिरणं सांभाळेल ही अपेक्षा फार मोठी आहे. पंधरा दिवसांत ते काम आईवर येतं, आई वैतागते, पिल्लू सोफा कुरतडतं आणि एक दिवस त्याला काकांच्या शेतावर सोडून येतात. त्या मुलानं काय पाहिलं? या घरात जो त्रास देतो त्याला बाहेर काढतात. स्वतःला आधीच ‘मी सगळ्यांना त्रास देतो’ असं समजणाऱ्या मुलासाठी हे पाहणं फार वाईट आहे.

घरातल्या मोठ्यांना मनापासून कुत्रा हवा असेल, आणि मुलानं काहीही केलं नाही तरी त्याला सांभाळायची तयारी असेल, तर जरूर आणा. मग त्याचा मुलाला फायदा होतोच. गावठी पिल्लूच आणा असं मी सांगेन. नागपूरचा उन्हाळा त्याला सोसतो. दाट केसांचा हस्की मे महिन्यात इथे काय भोगतो ते बघवत नाही.

हे फॅड परदेशातून आलं का?

शास्त्र म्हणून मांडणी तिकडे झाली हे खरं. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे १७९६ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ सुरू केलं. त्या काळी अशा रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवायची पद्धत होती, आणि इथे अंगणात ससे, कोंबड्या ठेवून रुग्णांना त्यांची काळजी घेऊ दिली जायची. मुलांच्या बाबतीत नाव घ्यावं लागतं ते अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांचं. एकदा एक मूल ठरलेल्या वेळेआधीच आईसोबत त्यांच्याकडे आलं. त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. आधीच्या उपचारांना दाद न दिलेलं ते मूल कुत्र्याशी खेळू लागलं आणि पुन्हा यायला तयार झालं. लेविन्सन यांनी १९६२ साली कुत्र्याला ‘सह-उपचारक’ म्हणत लेख लिहिला. ही कल्पना त्यांनी पहिल्यांदा मांडली तेव्हा फीमधला किती वाटा कुत्र्याला देता असं सहकाऱ्यांनी त्यांना विचारलं होतं.

पण मुलांच्या मनात जनावराला जागा असते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरातली पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात ते आठवा. भोसल्यांच्या काळापासूनची रीत आहे. चार वर्षांचं पोरगंही त्या लाकडी बैलाला दोरी धरून ओढताना ‘हळू चाल’ म्हणतं.

पण ताई, नुसतं कुत्र्याजवळ बसून होते काय?

शरीरात काही गोष्टी घडतात. १९८३ साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी ९ ते १६ वयाच्या मुलांचा रक्तदाब मोजला, एकदा नुसतं बसलेलं असताना आणि एकदा मोठ्यानं वाचताना. खोलीत कुत्रा होता तेव्हा तो कमी भरला. २०१९ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा किंवा वाट पाहत बसलेल्यांपेक्षा कमी आढळलं.

मला रोज दिसतं ते याहून साधं. माणसासमोर बसलं की मुलाला त्याच्या डोळ्यांत पाहावं लागतं, उत्तर द्यावं लागतं, आपण बरे दिसतोय का हे सांभाळावं लागतं. बुंदीसमोर यातलं काहीच नसतं. मार्क किती पडले हे तिला ठाऊक नाही. हात कामात असले, नजर तिच्या पाठीवर असली की तोंडातून शब्द सुटतात. भाजी निवडताना बायका जे बोलतात ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलणार नाहीत, तसंच हे.

याला शास्त्राचा आधार कितपत आहे?

आहे, पण जाहिराती सांगतात तितका नाही. २००७ साली नायमर आणि लुंडाल यांनी ४९ अभ्यास एकत्र तपासले. स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंधित अडचणी, वर्तनाच्या समस्या आणि भावनिक स्वास्थ्य यांत मध्यम प्रमाणात फायदा दिसला. अडचण अशी की या विषयातले बरेच अभ्यास थोड्या मुलांवर, थोड्या काळासाठी झालेले आहेत. शिवाय गोळीच्या चाचणीत तुलनेसाठी खोटी गोळी देता येते, खोटा कुत्रा कसा देणार? म्हणून मी पालकांना सांगते की ही जोड आहे. चिंतेसाठी, नैराश्यासाठी ज्या बोलण्याच्या उपचारपद्धती सिद्ध झालेल्या आहेत त्या पाया, आणि प्राणी हा मुलाला तिथपर्यंत आणणारा, तिथे टिकवणारा सोबती. ‘दहा सेशनमध्ये ऑटिझम बरा’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

कोणत्या मुलांना उपयोग होतो?

खूप बुजणारी, शाळेत तोंडच न उघडणारी, परीक्षेच्या नावानं पोटात दुखणारी, घरातल्या कोणाच्या तरी जाण्यानं मिटून गेलेली, स्वमग्न, सतत चुळबुळणारी. मोठ्यानं वाचायला लाजणाऱ्या मुलांना कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायला लावतात. अमेरिकेत १९९९ पासून असे उपक्रम वाचनालयांत चालतात, आणि मराठीत वाचलं तरी कुत्रा तितकाच ऐकतो.

ज्या मुलानं प्राण्यांना मुद्दाम इजा केली आहे त्याला मी बुंदीजवळ बसवत नाही. त्याला मदत जास्त तातडीनं हवी असते, पण ती वेगळ्या पद्धतीनं. असं काही घरात पाहिलं असेल तर लपवू नका, पहिल्याच फोनवर सांगा. तसंच भ्रम-भास होत असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ.

एक सेशन असतं कसं?

एक प्रसंगच सांगते. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. आई म्हणाली, ‘पोरगा बोलूनच नाही राहिला ताई, शाळेतही नाही, मामाशीही नाही.’ पहिल्या दोन वेळा तो दाराजवळच्या चटईवर बसला आणि भिंतीकडे तोंड करून राहिला. बुंदी खिडकीखाली झोपलेली. मी काहीच विचारलं नाही, ब्रशमध्ये अडकलेले केस काढत बसले. तिसऱ्या वेळी त्यानं हात पुढे केला, मी ब्रश दिला. बुंदीच्या मानेवरून तो ब्रश ओढू लागला, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, जरा जोरातच. बुंदीनं तोंड फिरवलं. मग जांभई दिली. मग नाक चाटलं. मग उठली, अंग झटकलं आणि जाऊन आपल्या पोत्यावर बसली.

तो ब्रश हातात धरून तसाच राहिला. मी म्हणाले, ‘तिला आता नको आहे.’ तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तिला मारत नाही का, गेली उठून तर?’

हे त्याचं माझ्या खोलीतलं पहिलं वाक्य. त्यानंतर कितीतरी आठवडे आमचं काम त्या एका वाक्याभोवती चाललं. उठून जायचं म्हटलं तर मार बसतो हे त्याला कुठे, कोणाकडून कळलं होतं, ते हळूहळू बाहेर आलं, आणि मग मोठ्यांसोबत, कायद्याच्या मदतीनं, जे करायला हवं ते झालं.

मला या कामाबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी ही सांगेन. माझ्या खोलीत बुंदीला ‘नाही’ म्हणता येतं आणि तिचं ‘नाही’ सगळे ऐकतात, मीसुद्धा. मुलं ते बघतात. आपल्याकडे पोरांना ‘नाही’ म्हणायची सवय कुठे असते? पाहुण्यांना पापी दे, काकांच्या मांडीवर बस, अजून एक पोळी घे, सायन्सच घे. ज्याचं ‘नाही’ कधी ऐकलंच गेलं नाही त्याला एका कुत्रीचं ऐकलं जाताना दिसणं, ही थेरपीची सुरुवात असते.

एरवी सेशन साधारण पाऊण तासाचं. बुंदी त्यात जास्तीत जास्त अर्धा तास.

आमची मुलगी कुत्र्याला फार घाबरते. तिला आणायचं का?

आणा, पण बुंदी बाहेर असताना. भीती घालवणं हा वेगळा उपचार आहे आणि तो टप्प्याटप्प्यानं होतो: आधी चित्र, मग खिडकीतून पाहणं, मग दोरीत बांधलेली लांबची बुंदी, मग पाठमोरी बसलेली. पुढचा टप्पा कधी ते मुलगी ठरवते. ‘काही नाही करत, लाव हात’ असं म्हणत हात ओढू नका. आणि रस्त्यावरच्या टोळीला ती घाबरत असेल तर त्यात तिचं काही चुकत नाही. नागपुरात संध्याकाळी सायकलवरून ट्युशनला जाणाऱ्या मुलांच्या मागे कुत्रे लागतात. त्या भीतीला मी आजार म्हणत नाही.

आणि चावला तर?

हा धोका कोणत्याही कुत्र्याच्या बाबतीत शून्य नसतो, म्हणून मूल आणि कुत्रा यांना एकटं कधीच सोडत नाही. बुंदीला रेबीजची लस दर वर्षी आणि जंताचं औषध वेळेवर दिलं जातं, गोचीड-पिसवांची तपासणी होते. ते कार्ड मागून बघा, माझ्याकडेच नाही, कुठेही जाल तिथे.

घरचा, बाहेरचा, कुठलाही कुत्रा किंवा मांजर चावलं अथवा नख लागून ओरखडा आला तर काय करायचं ते पाठ करून ठेवा. वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. त्वचेत द्यायची लस असेल तर ती पहिल्या दिवशी, आणि मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दंडात देतात. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ झाला. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेतच सीरमही (तयार प्रतिकारद्रव्य) द्यावं लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर बहुतेक हमखास वाचतो. म्हणून मुलांना एक सांगून ठेवा: कुत्र्यानं ओरबाडलं तर घरी सांग, कोणी रागावणार नाही. मार पडेल म्हणून लपवणारं मूल सगळ्यात जास्त धोक्यात असतं.

दमा आणि ॲलर्जी असेल तर?

डॉक्टरांना विचारून या. केस नसलेला कुत्राही ॲलर्जी देऊ शकतो, कारण ती लाळ आणि त्वचेच्या कोंड्यातूनही होते. अशा मुलांसाठी फिशटँक हा चांगला पर्याय आहे. दात काढण्याआधी रुग्णांना मासे पाहत बसवलं की ते शांत होतात असं १९८४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं.

कुत्राच का? मांजर, ससा, गाय, पोपट चालत नाही का?

मांजर चालते, तिची इच्छा असेल तर. ससा आणि गिनीपिग भित्रे असतात, त्यांना हातात उचलून मुलांच्या मांडीवर ठेवणं त्यांना आवडत नाही, पण जमिनीवर शेजारी बसून गवत भरवणं छान जमतं. घोड्यावरची थेरपी स्नायूंवर ताबा कमी असलेल्या आणि स्वमग्न मुलांसाठी करतात. त्यासाठी शिकवलेला घोडा आणि फिजिओथेरपिस्ट दोन्ही लागतात. फुटाळा तलावावरची घोड्याची चक्कर म्हणजे ती नव्हे. गावाकडे शेळी-वासरू असेल तर फारच उत्तम. उन्हाळ्याच्या सुट्टीत काटोलकडे किंवा उमरेडकडे आजोळी जाऊन आलेलं मूल कसं मोकळं होऊन येतं ते मी दरवर्षी पाहते.

पोपट मात्र नाही. ‘मिठ्ठू’ पिंजऱ्यात ठेवणं आपल्याकडे इतकं घरगुती झालंय की लोकांना धक्का बसतो, पण आपले देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. ते पाळणं, विकणं गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तेच. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची भूमिकाही अशीच आहे की उपचारासाठी फक्त माणसाळलेले, पाळीव प्राणी घ्यावेत. आणि पिंजऱ्यातल्या पाखराकडून मुलानं मोकळं होणं शिकावं, हे मला तर कधी पटलं नाही.

प्राण्याला त्रास होत नाही का?

होतो, आपण लक्ष दिलं नाही तर. आणि एकदा मी दिलं नव्हतं. एका शाळेनं बोलावलं होतं, ‘वीसेक मुलं असतील’ म्हणून. गेलो तर हॉलमध्ये दोनेकशे मुलं, माइक, आणि स्वागताला लेझीम. मी तिथूनच परतायला हवं होतं. आयोजकांना वाईट वाटेल म्हणून थांबले. बुंदी शेपूट पोटाखाली घेऊन माझ्या पायांत शिरली, धापा टाकू लागली, तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, आणि चारी बाजूंनी हात तिच्याकडे येत होते. ती चावली नाही, हे तिचं मोठेपण. घरी येऊन दोन दिवस तिनं नीट खाल्लं नाही. तिचं ‘नाही’ मी ऐकलं नव्हतं, मुलांना जे शिकवते त्याच्या नेमकं उलट.

तेव्हापासून नियम: एका वेळी चारपेक्षा जास्त मुलं नाहीत, दिवसात दोनच सेशन, आठवड्यात तीन दिवस. तिचं पोतं ज्या कोपऱ्यात आहे तिथे कोणीही जायचं नाही. एप्रिल ते जूनमध्ये फक्त सकाळी साडेसहा ते साडेआठ, कारण पंचेचाळीस अंशांत डांबरावर तिचे पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही तर तिलाही होणार नाही.

आमचा लॅब्रॅडॉर फार गोड आहे. तो थेरपी डॉग होईल का?

कदाचित. गोड असण्यापेक्षा शांत असणं लागतं: अनोळखी माणूस, पडलेली काठी, रडणारं मूल यांनी न बिचकणारा, अंगावर उडी न घेणारा, दोन वर्षांच्या पुढचा. आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासून चालू असलेलं. त्यानंतर कुत्र्याचं आणि तुमचं, दोघांचं प्रशिक्षण.

औषधं चालू आहेत. ती बंद करता येतील का?

नाही. कमी-जास्त करायचं ते फक्त लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी.

मुलगा ‘मरून जातो’ म्हणतो. लक्ष वेधायला म्हणतो का?

लक्ष वेधायला म्हणत असेल तर लक्ष द्या. अशा वेळी बुंदी नको, माझी पुढची अपॉइंटमेंटही नको, आज, आत्ता मदत घ्यायची. त्याला सरळ, शांतपणे विचारा: ‘तुला जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मग उत्तर ऐका. ‘तुला काय कमी केलं आम्ही’ हे वाक्य गिळा. त्याला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते आणि सगळ्या गोळ्या आजच कुलपात घाला, किंवा घराबाहेर ठेवा.

फोन करा: टेलि-मानस १४४१६. सरकारी सेवा, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मूल स्वतःही करू शकतं. मुलांसाठी १०९८ आहेच, आणि जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा थेट जवळचं इस्पितळ. पोलिस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात नेत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं. बिनधास्त न्या.

नागपुरात कमी खर्चात कुठे दाखवायचं?

मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. जन्मापासूनचे विकासाचे प्रश्न असतील तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८६४ पासूनचं, महाराष्ट्रातल्या अशा चार मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक.

मला माहीत आहे की हे नाव घेतलं की फोनच्या पलीकडे शांतता होते. त्या चौकाला आपण आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतो, ऑटोवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे. पोरं एकमेकांना ‘तुला पागलखान्यात टाकते’ म्हणत मोठी होतात, आणि सोळाव्या वर्षी खरंच झोप येईनाशी झाली की त्यांच्या डोक्यात पहिलं तेच येतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच जण झाले. तुमचं मूल त्यातलं असेल तर ते एकटं नाही हे त्याला सांगा. आणि तो शब्द निदान घरात तरी वापरू नका.

समुपदेशक खरा की खोटा, कसं ओळखायचं?

विचारा. शिक्षण काय, कुठून. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर असतो आणि या दोघांपैकी औषध फक्त तोच लिहितो. ॲनिमल थेरपीसाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही, त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून प्राण्याकडे बघा. तो सतत बांधलेला आहे का, त्याला पाणी ठेवलंय का, तो उठून जाऊ शकतो का? तुम्ही प्रश्न विचारल्यावर राग आला तर ती जागा सोडा.

विमा मिळतो का?

२०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. तरी बहुतेक पॉलिसी भरती व्हावं लागलं तरच पैसे देतात. ॲनिमल थेरपीचा खर्च स्वतःचाच धरून चला.

मुलगी बारावीला आहे, नीटचा क्लास आहे, वेळच नाही हो.

मला हे रविवारी संध्याकाळी फोनवर सांगितलं जातं, आणि मागे ती मुलगी रडत असते. आठवड्यातला एक तास काढा. तीन आठवडे झोप नीट नाही, जेवण सुटलंय, मैत्रिणींशी बोलणं बंद, केस गळतायत, बाह्या सतत खाली ओढलेल्या, यातलं काही असेल तर एक तास महाग नाही. मोठी मुलं बुंदीकडे पाहून आधी ‘मी काय लहान आहे का’ म्हणतात. म्हणू द्या. एक दादा दोन सेशन मोबाइल बघत बसला होता. तिसऱ्यांदा त्यानं पाय लांब केला, बुंदीनं त्यावर हनुवटी टेकली, आणि त्याचा पाय झोपला तरी तो अर्धा तास हलला नाही.

आणि प्राणी मेला तर मूल अजून नाही खचणार?

खचेल. बुंदीच्या आधी माझ्याकडे एक म्हातारा कुत्रा होता. तो गेला तेव्हा मी मुलांना ‘तो गावाला गेला’ असं सांगितलं नाही. ‘मेला’ हाच शब्द वापरला, कारण गावाला गेलेला परत येतो, आणि लहान मुलं वाट पाहतात. काहींनी चित्रं काढली, काहींनी त्याचा पट्टा हातात घेऊन बघितला. एका सहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘त्याला थंडी वाजत असेल का?’ मग आम्ही शरीर थांबतं म्हणजे काय होतं यावर बोललो: दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. त्याच वर्षी तिचे आजोबा गेले होते आणि तिच्याशी घरात कोणीच बोललं नव्हतं. आईनं मला नंतर सांगितलं की त्या रात्री तिनं आजोबांबद्दल तेच विचारलं, आणि या वेळी घरच्यांना उत्तर देता आलं.

पहिल्या भेटीला येताना काय करायचं?

मुलाला खरं सांगा, कुठे आणि कशासाठी जातोय ते. ‘आइस्क्रीम खायला’ म्हणून आणू नका. अंगावर तीव्र वासाचा स्प्रे नको. बुंदीसाठी बिस्किटं आणू नका, तिला पोटाला बाधतात. द्यायचंच असेल तर उकडलेलं गाजर आणा, लहान तुकडे करून, आणि ते मुलाच्याच डब्यात असू द्या. द्यायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.